केंदूरची निम्मी दाढी

देह क्षणभंगुर आहे, हे आपल्याकडचं फार जुनं ज्ञान. पण तोच देह सोमवारी जसा होता तसाच पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी दिसला पाहिजे, नाहीतर पाच मार्क कापले जातात, हे ज्ञान केंदूरला १९६३ च्या मार्चात झालं. (गावात दवाखाना अजून यायचा होता. ज्ञान नेहमी आधी येतं.)

पुण्याच्या एका चित्रविद्या वर्गाचे चार विद्यार्थी 'ग्रामीण सकाळ' नावाचा सात मिनिटांचा सराव-चित्रपट काढायला आले. त्यातला जॉर्ज शिरूरच्या मिशन कंपाउंडातला, म्हणजे आपलाच पोरगा. त्याच्या भरवशावर गावानं झोपायला बाजा दिल्या, ताक दिलं आणि माझ्या शाळेची खोली दिली. मी गावचा मास्तर, म्हणून उजेड पाडायचा चकचकीत पत्रा धरायचा मान मला. जॉर्जकडे 'कंटिन्युइटी' हे खातं होतं: एका तुकड्यात जे दिसलं ते पुढच्या तुकड्यात जसंच्या तसं आहे ना, हे वहीत टिपणं. गावानं त्या शब्दाचं दोन दिवसांत 'कंटाळनीती' केलं. अर्थ फारसा बिघडला नाही.

सोमवारी पहिला तुकडा. चावडीच्या सावलीला ज्ञानू न्हावी गेणबाची दाढी करतोय. गेणबा झेंडू-शेवंती लावणारा, गरीब गाय. त्याचा डावा गाल साफ झाला आणि कॅमेऱ्याची स्प्रिंग तुटली. दिग्दर्शक झालेल्या विद्यार्थ्यानं कॅमेरा गोधडीत गुंडाळून दुरुस्तीला पुण्याला नेला. गेणबा उठायला लागला, तर जॉर्जनं खांद्यावर हात ठेवला.

"आबा, आता दाढी करायची नाही."

"आरं, पर निम्मी ऱ्हायलीया!"

"निम्मीच ठेवायची. कॅमेरा येईस्तोवर. शब्द द्या."

गेणबानं शब्द दिला. नाही म्हणायला तो शिकलेला नव्हता.

वहीतली नोंद मी स्वतः वाचली. 'गेणबा. डावा गाल साफ. उजवा गाल, नऊ दिवसांची दाढी. मिशी अखंड. मागे भिमा कुंभाराचं गाढव, नग एक, तोंड वेशीकडे.' गाढव तिथं आपसूक आलं होतं. पण एकदा वहीत गेलं की गाढवालाही मान द्यावा लागतो.

आता अडचण उरली केसांची. केस अडाणी, ते वाढतात. म्हणून साफ गालावरून रोज सकाळी वस्तरा फिरू लागला आणि दाढीच्या गालाला कात्री लागू लागली, कारण नऊ दिवसांची दाढी दहा दिवसांची झालेली वहीला मंजूर नव्हती. दहा दिवसांत गेणबाच्या दहा निम्म्या, म्हणजे पाच अख्ख्या दाढ्या झाल्या, आणि तरी त्याची दाढी व्हायचीच होती. गाढवानंही दहा दिवस माती वाहिली नाही. भिमा कुरकुरला; गाढवाची तक्रार नव्हती.

सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. पण गेणबाला नकुशी नावाची मुलगी होती. तिघींच्या पाठीवरची चौथी, म्हणून हे नाव. (नाव ठेवताना मुलीला विचारायची पद्धत नाही.) दोन स्थळं हुकली होती. तिसरं राहू गावचं, पोरगा तिनं जत्रेत पाहिला होता आणि तिच्या मनात भरला होता, असं तिनं माझ्या बायकोजवळ कबूल केलं होतं. त्याच्या घरचे गुरुवारी तिला बघायला येणार होते.

बुधवारी गेणबा जॉर्जपुढे येऊन उभा राहिला. "जॉर्जदादा, बेस्तरवारी पाव्हणं येत्यात. करू का दाढी? लेकीचं काम हाय."

जॉर्जनं वही चाळली. त्याला वाईट वाटलं हे नक्की, कारण त्यानं ती दोनदा चाळली. पण लेकीच्या कामाला वहीत रकाना नव्हता.

"आबा, कॅमेरा उद्या सकाळीच येतोय. अर्ध्या तासात उरकू. पाव्हणे दुपारचे, तोवर तुम्ही चकाचक."

घरी नकुशी म्हणाली, "आबा, करा की दाढी. त्येंच्या वहीत मी हाय का कुठं?"

"शब्द दिलाय, पोरी."

सकाळचा कॅमेरा दुपारी आला. गाढव बांधलं, तोंड वेशीकडे. गेणबा मांडी घालून बसला. ज्ञानूनं डाव्या गालाला फेस लावून वस्तरा टेकवला, मी पत्र्यानं सगळा उजेड त्या तोंडावर पाडला, दिग्दर्शक "चालू!" म्हणून ओरडला, आणि वेशीतून राहूची बैलगाडी आत आली.

आमच्या मुलखात निम्मी दाढी आणि शेजारी गाढव, याचा अर्थ एकच: चोरीत नाहीतर बाईच्या भानगडीत सापडलेल्याची धिंड. हे शेंबड्या पोरालाही कळतं. चार हुशार विद्यार्थी आणि एक मास्तर यांना दहा दिवसांत सुचलं नव्हतं. गाडीतल्या म्हाताऱ्यानं कासरा ओढला.

"गेणबा म्हंजी ह्योच का?"

"व्हय," भिमा म्हणाला.

"मग ऱ्हाऊ द्या." गाडी वळली. पाणीसुद्धा प्याले नाहीत.

गेणबा हलला नाही. शब्द दिलेला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. 'पाणी नको, पहिल्या तुकड्यात नव्हतं,' जॉर्जनं वहीत लिहिलं. पत्रा फेकून गाडीमागं पळावं असं मला फार वाटलं. फेकला नाही. उजेड हलला असता.

दुसऱ्या दिवशी जॉर्जनं आणि मी राहूला जाऊन कंटिन्युइटी समजावून सांगितली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर," तो म्हणाला, "निम्मी दाढी करायला पुण्यास्नं पोरं येत्यात व्हय? थाप तरी पटंल आशी मारा."

चित्रपटाला पहिला वर्ग मिळाला. परीक्षकांनी दोन गोष्टी खास वाखाणल्या: कंटिन्युइटी निर्दोष, आणि मागं वळून जाणाऱ्या बैलगाडीमुळं दृश्याला आलेली खोली. गावात चित्रपट दाखवला तेव्हा गाडी वळायच्या आत नकुशी उठून गेली.

पुढं कितीतरी महिन्यांनी गेणबा मला म्हणाला, "मास्तर, त्या दिशी फेस साफ गालालाच लागला हुता." खरंच की! दहा दिवस रोज ज्ञानूचा हात डाव्या गालावर गेलेला; त्या दिवशीही सवयीनं तिथंच गेला. ज्या निम्म्या दाढीपायी सोयरीक मोडली, तिला वस्तरा लागलाच नाही. जॉर्जला दिसलं नाही, मला दिसलं नाही, परीक्षकांना दिसलं नाही. गेणबाला कळलं होतं, पण त्याला हलायला मनाई होती.

मी वर दोन्ही वेळा डावाच गाल लिहिलाय. हवं तर पुन्हा बघा. तुम्हाला तरी कुठं दिसलं? तुम्हीही गाडीच बघत होता.