चिमणीची झूल

घोड्याची झूल हरिहर कर्णिकांनी आधी बायकोच्या पाठीवर घालून पाहिली.

"अजून वाक," ते म्हणाले. "घोडा असा ताठ उभा राहतो का कधी?"

सुमती ओटीवर, गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. वरून जाड ताडपत्री, आत लोकरीचं अस्तर, पोटाखालून पट्टे. हरिहर एका हातात इंग्रजी पुस्तक धरून तिच्याभोवती फिरत होते. ठाण्याच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते, पण ती पोटापाण्याची सोय. खरे ते मूक प्राणी मित्र मंडळाचे चिटणीस. कल्याण स्टेशनाबाहेर टांग्यांचे घोडे पावसात भिजत उभे असलेले त्यांनी पाहिले आणि त्यांचं काळीज हललं. घोड्यांसाठी पाऊस न लागणारी झूल शिवायची, एक नमुना मंडळाच्या अध्यक्षांना दाखवायचा आणि मग गावोगावी तशा झुली वाटायच्या, असं त्यांनी ठरवलं. मशीन घरात होतं. मशीन चालवणारीही घरातच होती.

ताडपत्री विठ्ठलवाडीच्या छावणीतल्या बाजारातून आली, जुन्या लष्करी तंबूची. अस्तराला मात्र मऊ लोकर हवी होती. ती सुमतीच्या ट्रंकेत सापडली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आईने पाठवलेली धाबळी होती ती. बाळ राहिलं नाही, धाबळी राहिली. सुमती देवळातून परत आली तेव्हा ती मापाबरहुकूम कापून झाली होती.

"सामाजिक काम आहे," हरिहर म्हणाले होते आणि कापलेलं कापड शिवायला तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. सुमतीने ते शिवलं.

"हं, आता चाल," ते म्हणाले. "खांद्याला कुठे घासतं का? मानेशी काचतं का? नीट सांग. त्रास होता कामा नये."

इतक्या वर्षांच्या संसारात हे कुणी तिला विचारलं नव्हतं.

"मानेशी काचतंय," ती हळूच म्हणाली. "आणि ओझं फार होतंय हो."

"तुला होणारच. तू काय घोडा आहेस?" हरिहरांनी पुस्तकाचं पान उलटलं. "घोड्याला नाही होणार."

तेवढ्यात शेजारच्या विमलाबाई विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई! काय झालं हिला?"

"काही नाही. आरामाची चाचणी चालली आहे."

"आराम? हिला?" विमलाबाई म्हणाल्या आणि विरजण न घेताच परतल्या.

खरी चाचणी रविवारी. अध्यक्ष गुरुदत्त सबनीस वकील दहाच्या गाडीने ठाण्याहून यायचे होते. त्याआधी एकदा झूल घोड्यावर बसवून पाहावी म्हणून हरिहरांनी विठ्ठल टांगेवाल्याला सकाळीच बोलावून घेतलं. त्याची घोडी चांगली थोराड, हाडापेराने मोठी, आणि नाव चिमणी.

"टांगा सोड. लगाम काढ. तोंडातलं, गळ्यातलं सगळं काढ," हरिहर म्हणाले. "जनावर मोकळं असलं तरच त्याला सुख होतंय की नाही ते कळतं. पुस्तकात दिलंय."

"सायब, गाडीची येळ झाली. तिला सवय हाय—"

"आत जाऊन चहा घे तू."

विठ्ठल चहाला गेला. हरिहरांनी झूल चढवली, बक्कलं लावली. चिमणीने मान वळवून एकदा वास घेतला आणि डोळे मिटले. पुस्तकाप्रमाणे खांदा आणि अस्तर यांच्यामधून पालथा पंजा सहज सरकायला हवा होता. हरिहरांनी पंजा घातला. सरकला. त्यांनी हात कोपरापर्यंत घातला.

"सुमती! बघ, काय माप बसलंय!"

सुमती दारात आली. हरिहरांनी हात बाहेर ओढला, पण तो येईना. मनगटावरच्या घड्याळाचं बक्कल आत लोकरीत अडकलं होतं. ओढावं तसं ते जास्तच रुतत होतं.

आणि त्याच वेळी स्टेशनाच्या बाजूने इंजिनाची शिट्टी आली.

चिमणीने डोळे उघडले. गाडी आली की स्टेशन गाठायचं, एवढा एकच धर्म तिला ठाऊक होता. ती फाटकातून बाहेर पडली. तिच्याबरोबर हरिहरही पडले.

"विठ्ठल! अरे विठ्ठल!"

विठ्ठल कपबशी टाकून धावला, पण धरायला लगाम कुठे होता? त्याने आयाळीला हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"सायब, वडलं तर उधळंल. मंग तुमचा हात काय खांद्याला ऱ्हायचा नाय. गुमान चला. ठेसनावर आपसूक थांबंल ती."

हरिहर गुमान चालू लागले. एक हात घोडीच्या झुलीत, दुसऱ्या हाताने धोतर सावरलेलं. पारनाक्यावर ओळखीचे लोक होते.

"काय कर्णिक, घोडी घेतलीत?"

"चाचणी, चाचणी," हरिहर धापा टाकत म्हणाले.

मागून सुमती कात्री घेऊन पळत आली. झुलीशी पोचून तिने शिवणीला कात्री लावली.

"खबरदार!" हरिहर ओरडले. "कापू नकोस! वकीलसाहेबांना काय दाखवू मी? नमुना आहे तो!"

"अहो, हात निळा पडतोय तुमचा."

"पडू दे! टाका उसवायचा नाही!"

सुमतीने कात्री मागे घेतली. धाबळी कापायला याच माणसाला पळभरही विचार करावा लागला नव्हता, हे तिला तिथे भर रस्त्यात आठवलं.

स्टेशनासमोर आपल्या नेहमीच्या जागेवर चिमणी थांबली. सबनीस वकील नुकतेच पायऱ्या उतरत होते. घोडीच्या अंगावर रेललेला, घामाने निथळणारा आपला चिटणीस पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"वा, कर्णिक! मुक्या जिवाला असं पोटाशी धरणारा माणूस मी पाहिला नाही."

विठ्ठलने पोटाखालचे पट्टे सोडले, झूल उचलून आत हात घातला आणि लोकरीतून घड्याळ सोडवलं. झुलीला साधा ओरखडाही आला नव्हता. वकीलसाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली, मऊ अस्तरावरून बोटं फिरवली.

"अप्रतिम! ही मी घेऊन जातो. मंडळाच्या कचेरीत काचेच्या कपाटात ठेवू. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे."

"आणि चिमणी?" सुमतीने विचारलं.

"कोण चिमणी?"

"ही. जिच्यासाठी शिवली ती."

"तिला मिळेल हो पुढे कधीतरी," हरिहर निळा हात चोळत म्हणाले. "बाकीच्या झुलीही हीच शिवणार आहे साहेब, घरच्या घरी. हिला काय, दिवसभर मोकळीच असते."

पाऊस भुरभुरू लागला होता. चिमणीची पाठ ओली होऊन चकाकत होती. सुमतीने वकीलसाहेबांच्या हातातून झूल काढून घेतली आणि घोडीवर टाकली.

"विठ्ठल, बांध हो पट्टे."

"अगं, हे काय? मंडळाची वस्तू आहे ती!"

"मंडळाची वरची ताडपत्री," सुमती म्हणाली. तिचा आवाज काही चढला नाही. "आतलं पांघरूण माझ्या आईने माझ्या लेकरासाठी पाठवलेलं आहे. ते आता हिच्या अंगावर राहील. ही घ्या कात्री. तुमची ताडपत्री तेवढी उसवून न्या. आणि पुढची झूल मी शिवणार नाही."

तिने कात्री पुढे धरली. टांगेवाले, हमाल, उतारू, सगळे बघत उभे होते. वकीलसाहेबांनी कात्रीकडे पाहिलं, चिमणीच्या दातांकडे पाहिलं आणि परतीची गाडी कधी आहे त्याची चौकशी केली.

हरिहर घरापर्यंत दहा पावलं पुढे चालले. घरी आल्यावर त्यांनी बायकोशी अबोला धरला. त्यांना मीठ लागलं तर ते भिंतीकडे बघून मागत. झूल, पुस्तक, घोडा हे शब्द घरातून गेले आणि त्यांच्यामागोमाग बाकीचेही गेले. दुपारी सुमती ओटीवर पाठ टेकून स्वस्थ बसू लागली.

पंधरवडा उलटला तेव्हा विमलाबाईंना राहवेना. त्या तिच्याजवळ येऊन बसल्या.

"सुमती, बाईमाणसाने फार ताणू नये गं. आमच्या ह्यांना सांगून समेट घडवू का?"

सुमतीने सुपातले तांदूळ पाखडले.

"घाई नका करू, विमलाबाई," ती म्हणाली. "पावसाळा तरी जाऊ दे."