अभ्यासक्रम ठरेपर्यंत काही शिकू नये

मूल जन्माला घालण्यासाठी कसलीही पात्रता लागत नाही; पण त्या मुलाला लाल रंग लाल आहे हे सांगायचं असेल, तर आधी अभ्यासक्रम निवडावा लागतो. हे सत्य मागच्या पिढीला ठाऊक नव्हतं. त्यामुळे ती कशीतरीच शिकली आणि जन्मभर बँकांत, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत मान खाली घालून बसली.

वर्तकनगरच्या ऐश्वर्याला ते वेळेवर उमगलं. मुलगी तीन वर्षांची झाली तशी तिने चांगली चाललेली नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण दिलं, मुलीला वेळ देता यावा म्हणून. मुलीचं नाव स्वरांगी. (हे नाव निवडायलाच घराला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर मुलगी 'चिऊ' या हाकेला मान वळवायला शिकली होती, म्हणून स्वरांगी फक्त आधार कार्डाच्या उपयोगी पडली.) चिऊला नर्सरीत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, हे एका संध्याकाळी ठरलं. शिकवायचं काय, इथे घोडं अडलं.

नवरा मयूर सोसायटीचा सेक्रेटरी होता. सोसायटीचा कारभार दोन तत्त्वांवर उभा आहे. एक, तीन कोटेशनं आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. दोन, तीन महिन्यांहून जुनं कोटेशन रद्द समजायचं. या तत्त्वांमुळे बी विंगची लिफ्ट कित्येक दिवस अत्यंत पारदर्शकपणे बंद आहे. तिसरं कोटेशन येईपर्यंत पहिलं शिळं होतं, आणि पहिलं नव्याने मागवावं तर दुसरं.

"अगं, पाण्याच्या टाकीला आपण तीन कोटेशनं मागवतो," मयूर म्हणाला. "ही तर आपली पोरगी आहे."

या युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. ऐश्वर्या कामाला लागली. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या ठाण्यातल्या ग्रुपमध्ये तिने नाव घातलं. त्यात एकशे बारा आया आणि दोन बाप होते. (पैकी एक बाप चुकून आलेला, त्याला पाइप गॅसचा ग्रुप हवा होता. पण तोही आता मत देतो.)

पहिला अभ्यासक्रम परदेशी होता. त्यात चार ऋतूंच्या चार पेट्या येत. बर्फाच्या पेटीत लोकरीचे हातमोजे होते आणि पावसाळा हा ऋतू मुळातच नव्हता. दुसऱ्याचं म्हणणं असं की सात वर्षांपर्यंत मुलाला अक्षर दिसताच कामा नये आणि घरात प्लास्टिक नको. ऐश्वर्याने आठवडाभर बिस्किटांचे पुडे वर्तमानपत्रात गुंडाळले; मग वर्तमानपत्रातही अक्षरं असतात हे लक्षात आलं. तिसरा अभ्यासक्रम मातीशी नातं जोडणारा होता. त्यासाठी निर्जंतुक केलेली माती सीलबंद पाकिटातून घरपोच मिळे. सोसायटीच्या आवारात माती होती, पण ती प्रमाणित नव्हती. चिऊ तिच्यात एकदा खेळून आली तेव्हा तिला आंघोळ घालण्यात आली.

तिसऱ्याची माहिती हाती आली तोवर पहिल्याची नवी आवृत्ती निघाली होती.

ऐश्वर्याचे दिवस आता वेबिनारमध्ये जाऊ लागले. सकाळी 'मुलाच्या कलाने घ्या', दुपारी 'मुलासोबत जमिनीवर बसा', संध्याकाळी 'स्क्रीन दूर ठेवा'. ही तिन्ही व्याख्यानं ती खुर्चीवर बसून, मोबाइल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून, मनापासून ऐके. चिऊ कधी शंख घेऊन येई, कधी मेलेला मुंगळा, कधी नुसतीच येई.

"दोन मिनिटं थांब हं, पिल्लू. आई तुझ्यासाठीच बघतेय ना?"

हे अगदी खरं होतं. ऐश्वर्या जे काही बघत होती ते चिऊसाठीच होतं, फक्त चिऊकडे तेवढं बघायचं राहत होतं.

तळमजल्यावरच्या ज्युलियानाला यातलं काही कळत नसे. तिचा डिलन चिऊच्याच वयाचा, चर्चच्या मागच्या बालवाडीत जाणारा. "पाठव की गं तिला," ती एकदा जिन्यात म्हणाली. "दोघं हात धरून जातील. मी सोडते, मीच आणते."

"तिथे अभ्यासक्रम कुठला आहे?" ऐश्वर्याने विचारलं.

ज्युलियानाने प्रामाणिकपणे विचार केला. "गाणी म्हणतात," ती म्हणाली. "मग खिचडी खातात. मग घरी येतात."

ऐश्वर्याला तिची मनापासून दया आली.

पण खरं संकट पुढेच होतं. लिफ्ट बंद, म्हणून चिऊ आणि डिलन पायऱ्या मोजत जिन्यावर वर-खाली करत. एके दिवशी जेवताना चिऊने पोळीचे तुकडे मोजले. एकोणीसपर्यंत न चुकता. ऐश्वर्याने ताबडतोब सल्लागार फियोनाताईंना फोन लावला. (या बाई अभ्यासक्रम निवडण्याआधी निवड कशी करावी हे शिकवतात. त्यांचाही अभ्यासक्रम आहे.)

"हे थांबवा," फियोनाताई गंभीरपणे म्हणाल्या. "अभ्यासक्रमाआधीच मूल शिकलं, तर अभ्यासक्रमाने काय शिकवलं हे कळणार कसं?"

मुद्दा बिनतोड होता. त्याच दिवशी घरात नियम झाला : अभ्यासक्रम ठरेपर्यंत चिऊने काहीही शिकू नये. डिलनबरोबर जिन्यात जाणं बंद. आजीचा फोन आला तर गोष्ट सांगायची नाही, फक्त तब्येत विचारायची. जिना चढताना मयूर चिऊला कडेवर घेई आणि पायऱ्या मोजता येऊ नयेत म्हणून मध्येच काहीतरी भलतंच बोले. चिऊ काही दिवस बाल्कनीतून "डिलन! ए डिलन!" अशा हाका मारायची. खालून तोही ओरडायचा. मग तो पहिलीत गेला, त्याला नवे मित्र मिळाले, आणि दुपारचा हा गोंगाट आपोआप मिटला.

अखेर कधी नव्हे ते तिन्ही कोटेशनं एकाच आठवड्यात आली. मयूरने ठराव मांडला, ऐश्वर्याने अनुमोदन दिलं, मातीवाला अभ्यासक्रम एकमताने मंजूर झाला. पेटी आली. ऐश्वर्याने ती दिवाणखान्यात मधोमध ठेवली, मोबाइल बंद करून कपाटात टाकला आणि जमिनीवर मांडी घालून बसली. सगळी तयारी झाली. मग तिने झाकणावरचं वाचलं : वय तीन ते पाच.

चिऊला सातवं लागलं होतं.

"पेटी वाया नाही जाणार," मयूर विचारपूर्वक म्हणाला. "दुसरं मूल झालं तर त्याला चालेल."

ऐश्वर्याने ते ऐकलं नाही. तिला एकाएकी रडू येत होतं आणि ते का, हे कुठल्याच वेबिनारमध्ये सांगितलेलं नव्हतं. तिने मातीचं पाकीट फोडलं. "चिऊ, ये ना गं. आई बसलीय बघ खाली. खेळूया आपण."

चिऊ खिडकीशी तिच्याकडे पाठ करून बसली होती. हातातली बाहुली तिने जुना टीव्ही रिमोट कानाला लावून बसवली होती. मागे वळून न बघता, अगदी आईच्याच गोड आवाजात ती म्हणाली, "दोन मिनिटं थांब हं, आई."

आपल्या घरी असला वेडेपणा नाही, म्हणून वाचक हसले असतील. हसावंच. फक्त ही गोष्ट सुरू केल्यापासून कोणीतरी तुमच्या कोपराला हलवतंय, आणि तुम्ही त्याला जे काही सांगितलंत, ती दोन मिनिटं मघाशीच संपलीयत.