शिवाजीनगरात सरी

"निघायच्या आधी मला खबर देऊ दे," म्हणत अप्पासाहेबांनी फोन तोंडाशी धरला.

"अहो, अक्काची गाडी चुकेल!" पद्मावती कळवळली.

तिची थोरली बहीण कस्तुराबाई आज बेंगळुरातल्या के. आर. पुरम स्टेशनावरून कायमची भिलाईला, लेकाकडं, प्रणीतकडं चालली होती. आता पुन्हा भेट कधी, कुणास ठाऊक.

पण अप्पासाहेबांचं कर्तव्य होतं. वाहतूक पोलीस आणि एका खासगी कंपनीनं मिळून रस्त्यांची ताजी खबर देणारी सेवा काढली होती. कॅमेरे पोलिसांचे, ॲप कंपनीचं, खबर नागरिकांची. नुकतीच ती मराठीतही आली होती.

"शिवाजीनगर सरी. पुढं हमरस्ताही सरी."

पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या घरात सरी म्हणजे 'ठीक'. ॲप मात्र पुण्याचं मराठी शिकलेलं.

● शिवाजीनगर व हमरस्त्यावर सरी. पर्यायी रस्ता घ्या.

गाडी चालवणारी सून आश्लेषाही पुण्याचीच. "पाऊस आहे पुढे. रूट बदलते."

बदलला. सगळ्या शहरानंच बदलला.

गाड्या थिजल्या. वर लख्ख ऊन.

"पूर्वी समोरून येणारा बसड्रायव्हर मान काढून ओरडायचा, 'सरी इदे, होगी!' ठीक आहे, जा म्हटलं की आपण बिनघोर," अप्पासाहेब हळहळले.

"आणि अक्का मला खिडकीजवळ बसवायची," पद्मावती म्हणाली. "तेव्हा इथं पेरूच्या बागा होत्या."

आश्लेषानं मागं वळून पाहिलं. "बाबा, खबर देताना तुम्ही नेमकं काय बोललात?"

त्यांनी सांगितलं.

"अहो, सरी म्हणजे पाऊस!"

"कुणी सांगितलं?" त्यांनी तडक फोन उचलला. "पाऊस नाही हो! सगळं सरी आहे! सरी, सरी!"

● सरींचा जोर वाढला.

पोलिसांना फोन लावला. "ॲप कंपनीचं आहे, सर."

कंपनीला लावला. "खबर पोलिसांच्या नावानं जाते, सर."

"दोघं मिळून चालवता ना?"

"हो सर. म्हणूनच."

लांबून आगगाडीची शिटी ऐकू आली. पद्मावतीनं पदर डोळ्यांना लावला.

मग तिचा फोन वाजला.

"पद्मा, सुखरूप आहेस ना गं? तुमच्याकडं जोराच्या सरी म्हणे! माझा जीव राहीना. उतरले मी डब्यातून. गाडी गेली. प्रणीत नुसता ओरडतोय. पाऊस थांबला की जाईन म्हटलं त्याला."

पद्मावतीनं काचेतून कोरड्या ठणठणीत आभाळाकडं पाहिलं.

"स्वल्प वेळ लागेल गं, अक्का," ती म्हणाली. "लक्षण काही बरं दिसत नाही."