गोठ्याचा वास येणारा मध

नाकाच्या जोरावर जावईबापूंची सासरी भलतीच वट होती. मध भरणाऱ्या कंपनीत ते एकोणीस वर्षं बरण्या हुंगत होते. झाकण उघडायचा अवकाश, "संत्र्याचा मोहोर!", "निलगिरी!" असा निकाल लागे. झाडावरचं फूल मात्र त्यांनी क्वचितच हुंगलं असेल.

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर मधमाश्यांच्या दोन पेट्या पाळल्या. पहिल्या मधाची बरणी त्यांनी मोठ्या उमेदीने पुढे केली. जावईबापूंनी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, पेट्यांशेजारी गोठा आहे?"

"आहे की! दूधवाल्याचा. तीस वर्षांचा शेजार. सकाळचा चहा बरोबरच घेतो आम्ही."

"मग झालं तर! शेणाचा वास शिरलाय मधात. गोठा हलवायला सांगा."

सासरे भिडस्त, पण जावयाचा शब्द कसा मोडणार? ते जाऊन बोलले. दूधवाला भडकला.

"माझ्या गाई काय मधात डुंबायला येतात?"

"जावई तज्ज्ञ आहेत आमचे!"

"मग त्यांच्याबरोबरच घ्या चहा!"

त्याने अकराच्या अकरा गाई शेतापलीकडे नेल्या आणि बोलणंच टाकलं. सासरे रोज एकटेच चहा घेऊ लागले, तोही अर्धा कप. तीन आठवड्यांनी पुन्हा मध काढला, तर वास दुप्पट!

"जमिनीत मुरलाय," जावईबापूंनी ठासून सांगितलं. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी अख्खं अंगण फिनेलने धुतलं.

ते वाळायच्या आत दूधवाला दारात हजर. हात पाठीमागे.

"तज्ज्ञ, डोळे मिटा. हुंगा."

जावईबापूंनी एकदाच हुंगलं. "गोठा! शंभर टक्के गोठा!"

डोळे उघडले, तर समोर पांढऱ्या फुलांचा झुबका.

"कुट्टू आहे हा, उपासाला ज्याचं पीठ करतात तो," दूधवाला म्हणाला. "मधलं सगळं शेत फुललंय. तुमच्या माश्या दिवसभर तिथेच असतात, गाई तिकडे नेल्यावर दिसलं मला. फुलाला वास असा, तर मधाला दुसरा कुठून येणार?"

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी आत जाऊन दोन कप चहा आणला, एक दूधवाल्यापुढे ठेवला.

"आणि मला?" जावईबापूंनी विचारलं.

"तुम्ही आधी गाई घेऊन या."

अकराव्या गाईने त्यांना चिखलात लोळवलं. संध्याकाळी बायकोने दारातच अडवलं.

"शी! गोठ्याचा वास येतोय अंगाला!"

"फुलांचा आहे गं," ते खालच्या आवाजात म्हणाले.