आगीचा सीन

आमच्या गावच्या सुदामभाऊंना कोणाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकवत नाही. मध्येच हात वर करून ते ओरडतात, "कट!" चहा पांचट निघाला, कट. बायको भाजीवरून बोलायला लागली, कट. एकदा ऐन मंगलाष्टकांत त्यांनी भटजींना थांबवलं, "महाराज, सूर पडून राह्यला, पुन्हा घ्या." नवरदेवाच्या मामांनी त्यांना मांडवाबाहेर नेऊन बसवलं.

हे दिग्दर्शन अंगात येण्याआधी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नकला करत. रेडा, तलाठी आणि व्याही ही त्यांची गाजलेली पात्रं. तिघांचाही आवाज जवळपास सारखाच येई. मग त्यांनी पिक्चर काढायला घेतला. एक नकलाकार जिल्हा परिषदेला उभा राहतो, अशी गोष्ट. लेखक, दिग्दर्शक आणि नायक सुदामभाऊ. कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल, कारण शाळामास्तराला काहीच काम नसतं असं त्यांचं ठाम मत.

"मास्तर, जलमभर दुसऱ्याच्या मांडवात लोकायले हसवलं," ते म्हणाले. "एकदा मले पडद्यावर निवडून आलेलं पाहाचं हाय."

गोष्टीतला हा नायक आमच्या फाट्यावर स्वतःच्या हातानं बसथांबा बांधतो. विरोधक तो जाळतात, लोक खवळतात आणि नायक निवडून येतो. "आग लागल्याबिगर लाट कशी येईन, मास्तर?" राजकारणाचा इतका स्वच्छ अभ्यास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शूटिंगसाठी सुदामभाऊंनी तो थांबा खरंच उभा केला: चार बांबू, वर जुनी टिनं, बसायला एक फळी आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'बस थांबा'. पहिल्याच शॉटला सुदामभाऊ टिनाखाली भाषण ठोकत असताना मोताळ्याकडे जाणारी एस.टी. करकचून थांबली. आमच्या फाट्यावर एस.टी. थांबल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

"कट! काऊन थांबवली बे?" सुदामभाऊ ओरडले.

"पाटी लावली ना तुमी," ड्रायव्हर म्हणाला. "आता चढा लवकर."

दुसऱ्या दिवशीही ती थांबली. बांगड्या विकणारी रहीमाबी बाजाराच्या दिवशी डोक्यावर पेटी घेऊन, दुखरे गुडघे ओढत, पुढच्या थांब्यापर्यंत कोसभर चालत जायची. ती आता या फळीवर येऊन बसू लागली. महिन्याभरात जिल्हा परिषदेच्या खऱ्या सदस्यांनीही टिनाखाली आपला हात जोडलेला फोटो लावला. खाली लिहिलं होतं, 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. प्रयत्न म्हणजे चार खिळे ठोकले होते, तेही वाकडे.

आगीच्या सीनला अख्खं गाव जमलं. सुदामभाऊ निवडून येतात की नाही याची कोणाला फिकीर नव्हती, जाळ मात्र सगळ्यांना पाहायचा होता. फळीवर रहीमाबी बसलेली.

"उठ ना आपा, सीन हाय," सुदामभाऊ म्हणाले.

"जला दो भाई, तुम्हाराच तो है," ती पेटी उचलत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मैं कलसे पैदल जाती."

मी मोबाइल धरला. सुदामभाऊ हातातल्या पेटत्या टेंभ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो मातीत खुपसला.

"कट. उजेड बरोबर नाही, मास्तर."

भर दुपारी बारा वाजता उजेड बरोबर नव्हता. त्याला आता वर्ष होत आलं, अजून तो बरोबर झालेला नाही. आग नाही म्हणून लाट नाही, लाट नाही म्हणून विजय नाही, आणि पिक्चर माझ्या मोबाइलात अर्धवट पडून आहे. गाव विचारतं, "काय भाऊ, आलात का निवडून?" मीही त्यात हसलो, याची आता लाज वाटते.

परवा बाजाराच्या दिवशी फाट्यावर गेलो, तर सुदामभाऊ सदस्यांच्या फोटोवरचं सुटलेलं टिन तारेनं आवळत होते. एस.टी. आली. त्यांनी रहीमाबीची पेटी वर चढवून दिली, तिला हात दिला, दार लावलं. गाडी सुटली.

मी म्हणालो, "झाला सीन. कट म्हणा की, भाऊ."

धूळ खाली बसेपर्यंत ते गाडीकडे बघत राहिले.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "चालू राहू द्या."