निवृत्तीभाऊंची न सरकणारी सीट

निवृत्तीभाऊंच्या व्हॅनमध्ये एक वेळ स्टेपनी नसेल, पण दोन दगड असतातच. स्वतःच्या शेतातून निवडून आणलेले, एका बाजूने सपाट, गोणपाटात गुंडाळलेले. गाडी थांबली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, की भाऊ उतरतात आणि मागच्या दोन्ही चाकांना दगड लावतात. मग एक पाऊल मागे येऊन गाडीकडे संशयाने बघत उभे राहतात. आमच्या कंपनीची पार्किंगची जागा इतकी सपाट आहे की सांडलेल्या चहालाही कुठे जावं ते कळत नाही. तिथेही दगड लागतातच.

"उलटं फिरता कामा न्हाई," हे त्यांचं पालुपद.

मी कामशेतला त्यांच्या शेजारी राहतो. परंदवडीजवळच्या ज्या कारखान्यात ते तपासणीला आहेत, तिथेच मी स्टोअरला आहे. रोज त्यांच्याच व्हॅनमधून जातो. फुकट जातो, म्हणून भीतीही सहन करतो, कारण भाऊंची भीती सर्दीसारखी लागते. पुढचा ट्रक चढावर थांबला की "ह्यो मागं येनार" म्हणून ते एवढं अंतर सोडतात की मध्ये रिक्षा घुसते. मग ते रिक्षासाठी घाबरतात. बारशाला गेले की पाळण्याचा दांडा घट्ट धरून उभे. सलूनमध्ये खुर्ची मागे कलवू देत नाहीत, त्यामुळे ताठ बसून दाढी करून घेणारा मावळातला हा एकमेव माणूस असावा. त्यांच्याबरोबर राहून राहून हल्ली मीसुद्धा खुर्चीवर बसण्याआधी तिला एकदा हलवून बघतो.

साऱ्या जगात त्यांचा विश्वास एकाच वस्तूवर होता. आमच्याकडे मोटारीच्या सीटचे गिअरबॉक्स बनतात. बटण दाबलं की सीट हळूच पुढे-मागे, वर-खाली होते ना, ती या मुठीएवढ्या डबीमुळे. आत स्क्रूसारखा एक दांडा असतो, त्याला सगळे वर्म म्हणतात. त्याच्या आट्यांत दात अडकवून एक चाक बसलेलं असतं. मोटर वर्मला फिरवते, वर्म चाकाला. पण उलट बाजूने चाकाला कितीही जोर लावा, वर्म ढिम्म हलत नाही. म्हणून बटण सोडलं की सीट जिथल्या तिथे, वेगळा ब्रेक लागत नाही. भाऊंचं काम म्हणजे दिवसभर ही चाकं उलटी फिरवायला बघायचं आणि ती फिरत नाहीत याचा आनंद मानायचा.

"बायको ऐकंल, पोरं ऐकतील, ह्ये ऐकनार न्हाई," असं ते कौतुकाने सांगत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या ताटातली जिलबी हातात धरून त्यांनी आमच्या साहेबांच्या सासऱ्यांना वर्मगिअर समजावून दिला होता. सासऱ्यांनी ती जिलबी मग खाल्ली नाही.

आणि एका प्रशिक्षणाच्या दिवशी हाही विश्वास गेला. शिकवायला आलेले इंजिनिअर सहज बोलून गेले की सतत हादरे बसत राहिले तर असा गिअरसुद्धा कधीकधी कणाकणाने सरकू शकतो.

भाऊ जागेवरून उठले. "हादरं म्हंजी? रस्त्याचं?"

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. का, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या व्हॅनमध्ये तशीच एक सीट बसवलेली होती आणि ती वहिनींसाठी होती.

कलावहिनींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. तोंडाचा पट्टा शाबूत राहिला, एका बाजूचे हात-पाय मात्र गेले. पुढे एकदा अंगणात त्या पडल्या, आणि तेव्हापासून घराबाहेर निघाल्याच नव्हत्या. भाऊंनी गॅरेजवाल्याच्या मागे लागून व्हॅनची पुढची सीट अशी करून घेतली की बटण दाबलं की ती दाराकडे वळावी, बाहेर यावी आणि चाकाच्या खुर्चीच्या उंचीला खाली उतरावी. तिचा गिअरबॉक्स आमच्याच कंपनीचा. आवाज करतो म्हणून खुद्द भाऊंनीच नापास केलेला, मग साहेबांची परवानगी काढून भंगारातून आणलेला. "धरायला वाघ हाय," ते म्हणायचे, "फकस्त कोकलतोय."

सीट तयार झाली, पण वहिनींना तीत बसवायचा धीर भाऊंना होईना. आणि आता तर हादऱ्यांचं कळलेलं. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते तिच्यावर खडूची रेघ मारून त्यांनी इंद्रायणी तांदळाची पोती तीवर बसवली, पट्ट्याने बांधली आणि पवना धरणाच्या बाजूला खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणली. सीट रेघेवरून हलली नव्हती. तरी समाधान नाही.

"तांदूळ बोलत न्हाई. घसरला तरी सांगायचा न्हाई."

म्हणून बोलणारं पोतं म्हणून मला बसवलं. लोणावळ्याच्या चढाला "सरकली का?" "नाही." "आता?" "नाही हो भाऊ!" घरी येईपर्यंत मला खरोखरच मागे गेल्यासारखं वाटायला लागलं होतं, आणि तसं मी बोलून बसलो. झालं, पुन्हा तांदूळ.

अशात वहिनींच्या भावाचा फोन आला. पवनेकडच्या खेड्यात त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. तिने खाणं सोडलं होतं आणि सारखं कलाला आणा म्हणत होती.

"आजून एकडाव तांदूळ नेऊन बगतो," भाऊ म्हणाले.

"तांदूळ माज्या आईला भेटून काय करनार?" आतून वहिनी कडाडल्या.

भाऊ अंगणात गेले. वहिनींनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"भावजी, मी पडले कशी ते तुमास्नी ठावं न्हाई. ह्यांनी मला खुर्चीतनं उटवलं, आन् खुर्चीचा ब्रेक लावायचाच राह्यला. तुमच्या कंपनीत ब्रेक असतोय कुटं? सोडलं की आपसूक धरतंय. हाताला तीच सवय. खुर्ची गेली मागं, मी बसाया गेले ती खाली. मला थोडं लागलं. ह्यांनाच लय लागलं. मी एका शब्दानं बोलले न्हाई. भांडले आसते तर बरं झालं आसतं."

ते दगड त्या पडण्यानंतरचे आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

भाऊंनी तांदळाची पोती खाली उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वहिनी पुढे, मी मागे दगडांशेजारी. भाऊंचा एक हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर कमी आणि खडूच्या रेघेवर जास्त. वाटेतल्या खिंडीचा चढ अर्धा झाला आणि वळणावर समोरून एसटी आली. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी. थांबावं लागलं. आणि थांबता थांबता व्हॅन मागे सरकली. वीतभरच असेल. भाऊंनी ब्रेकवर दोन्ही पाय दाबले. दगड लावायला उतरावं तर ब्रेकवरचा पाय निघेना.

"दगड!" ते ओरडले. "भावा, दगड!"

आयुष्यात कधी उतरलो नसेन एवढ्या घाईने मी उतरलो. दोन्ही चाकांना दगड लावले आणि, देवाशपथ, एक पाऊल मागे येऊन संशयाने बघितलंसुद्धा.

आत वहिनींनी चांगला हात भाऊंच्या गुडघ्यावर ठेवला होता. "आवो, बगा तरी. हितंच हाय मी."

भाऊंनी आधी रेघेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. एसटी गेली. व्हॅन दणक्यात निघाली ती माथ्यावर जाऊनच थांबली. उरलेला चढ मी दोन्ही काखांत दगड घेऊन चढलो.

गावात म्हातारीची बाज पडवीत आणून ठेवली होती. भाऊंनी व्हॅन बाजेला लागून उभी केली, मी न सांगता दगड लावले. बटण दाबलं. सीट कोकलत कोकलत वळली, बाहेर आली, खाली उतरली.

"कोन वरडतंय?" म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं.

"मी आले, आई."

म्हातारीचा हात चाचपडत वहिनींच्या तोंडावर फिरला. मागे भाऊ सीटच्या पाठीला दोन्ही तळवे लावून, पाय रोवून उभे होते.

"भाऊ, आता नाही सरकायची ती," मी हळूच म्हणालो.

"ठावं हाय मला," भाऊ म्हणाले. हात तिथेच.

"हात काडा की आता," मान न वळवता वहिनी म्हणाल्या. "लोकं बगत्यात."

"बगू दे."

वहिनी आईचा हात हातात धरून हळूच मागे टेकल्या.