सासऱ्यांच्या गाडीच्या रिंगा

माझ्या हातून आयुष्यात जी काही मोठी कामं झाली, ती चहा पिता पिता 'त्यात काय एवढं' म्हटल्यामुळे झाली. लग्नही त्यातलंच. पण आज फक्त इंजिनाबद्दल सांगतो.

सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी त्यांना अप्पा म्हणायचो. तरुणपणी ब्रिस्टलला आले, फिल्टनच्या विमान कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या अर्ध्या अस्थी स्वाती, म्हणजे माझी बायको, नाशिकला सोडून आली. अर्ध्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ठेवून घेतल्या. वर्षश्राद्धाला त्या क्लीव्हडनच्या समुद्रात सोडायच्या आणि न्यायच्या त्या अप्पांच्याच गाडीतून, असं आईंनी ठरवलं होतं. दर रविवारी दोघं त्या गाडीतून क्लीव्हडनला जात, समुद्राकडे तोंड करून गाडीतच थर्मासचा चहा पीत आणि घरी परत येत. (अप्पा इतक्या वर्षांत पुरते ब्रिटिश झाले होते. समुद्र बघायला गाडीतून उतरावं लागतं हे त्यांना पटत नसे.)

गाडी बाटलीहिरवी आणि स्वातीपेक्षा वयाने मोठी. मी ती गॅरेजातून बाहेर काढली तेव्हा मागून असा निळा धूर निघाला की शेजारचा कॉलिन अंगणातला पाइप घेऊन धावत आला. पहिल्याच चढावर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. मेकॅनिकने बघून सांगितलं की पिस्टनच्या रिंगा पार झिजल्यात, हिला आता निरोप द्या.

हे ऐकून आईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना उबर करून न्यायचं?"

त्यांचा तो आवाज मला ऐकवेना.

"त्यात काय एवढं, आई? रिंगाच बदलायच्यात ना? मी बदलतो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" आई स्वातीला म्हणाल्या. "वरदराव मेकॅनिकलचेच आहेत."

हे खोटं नाही. पुण्याच्या कॉलेजातून मी मेकॅनिकल इंजिनियर होऊन बाहेर पडलो आणि आमच्या वर्गातल्या यच्चयावत पोरांसारखा लगेच सॉफ्टवेअरमध्ये लागलो. पिस्टनची आकृती मी अजूनही सुबक काढतो. खरा पिस्टन मात्र कधी हातात घेतला नव्हता. अप्पांनी ते पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. ते बॉनेट उघडायचे तेव्हा मला फक्त टॉर्च धरायला द्यायचे आणि उजेड हलला की तोही काढून घ्यायचे. "जावईबापू, तुम्ही आत बसा," म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, हे मी कधी बोललो नाही.

तर मी अप्पांच्या गॅरेजात, त्यांचाच डगला घालून कामाला लागलो. इंजिनाचं हेड काढलं, खालची तेलाची टाकी काढली, पिस्टन एकेक करून वर ढकलून बाहेर घेतले. स्वाती दारात येऊन उभी राहिली.

"वरद, ओ माय गॉड, तू बाबाचा अख्खा गाडी उघडला?" (स्वाती इथेच जन्मली. तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी आहे.)

"काळजी करू नकोस. सगळं लक्षात आहे."

"मग तो नट कुठला आहे?"

तो नट कुठला होता हे मला आजही माहीत नाही.

मी गाडीखाली आडवा पडलो होतो तेव्हा एकदा आईही येऊन काहीतरी विचारून गेल्या. मी खालूनच "हो आई, ठेवा," म्हणालो. (सासुरवाडीत मी इतकी वर्षं 'हो आई' एवढ्यावरच निभावून नेलं आहे.)

खरी अडचण पिस्टनची होती. त्यांच्यावर काजळी अशी घट्ट बसली होती की ब्रशने निघेना, दुकानातून आणलेल्या महागड्या लिक्विडनेही निघेना. काजळी निघाल्याशिवाय नव्या रिंगा खाचांत बसणार नाहीत. मी हताश होऊन फळीकडे बघितलं, तर तिथे स्टीलचा एक डबा. उघडला. आत करडी राख.

मला आईंचं फार कौतुक वाटलं. आई समई आणि तांब्या अजूनही राखेनेच घासतात. उन्हाळ्यात कॉलिनचा बार्बेक्यू झाला की त्याच्याकडून राख मागून आणतात, चाळतात आणि भरून ठेवतात. राखेसारखी झळाळी तुमच्या त्या हिरव्या लिक्विडला नाही, असं त्या नेहमी म्हणतात. मी मूठभर राख घेतली, ओल्या फडक्याला लावली आणि घासायला बसलो. अहो, काय सांगू! पिस्टन आरशासारखे झाले. मग गरम पाण्याने स्वच्छ धुतले, पुसले, तेल लावलं. पुढे एक रिंग माझ्या हातात तुटली आणि दुसरी येईपर्यंत काम अडलं, पण शेवटी सगळ्या रिंगा बसल्या आणि पिस्टनही आपापल्या जागी गेले.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, थांबलं आणि मग नीट चालू झालं. धुराचा मागमूस नाही. स्वातीने माझ्या तेलकट गळ्यात हात टाकले. आईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मला वाटलं, अप्पा हवे होते आज.

"थांबा, ह्यांना घेते," म्हणून आई वळल्या आणि त्यांनी फळीवरचा तो डबा उचलला.

इथे अस्थी म्हणजे बारीक करडी पूडच करून देतात, हे मला तेव्हा आठवलं.

"आई... त्या डब्यात..."

"हेच की. ते क्रिमेटोरियमचं प्लॅस्टिकचं भांडं मला बघवत नव्हतं. म्हणून त्यांच्या फॅक्टरीच्या जेवणाच्या डब्यात ठेवलं. आणि म्हटलं गाडीचं काम चाललंय, तर असू देत समोर, लक्ष ठेवतील. तुम्हाला विचारलं तर तुम्हीच म्हणालात, ठेवा."

आम्ही निघालो. आई पुढे, मांडीवर डबा. स्वाती मागे. गाडी छान पळत होती. मेलेल्या माणसाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि अप्पांची इतकी आठवणही कधी आली नव्हती. गाडी अडली होती तो चढ आला आणि गाडी कुरकुर न करता चढून गेली. आईंनी डबा थोपटला. "बघितलंत?" त्या डब्याला म्हणाल्या.

मला पुढे जाववेना. मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगून टाकलं.

"यू क्लीन्ड द पिस्टन्स विथ माझा बाबा?" स्वाती किंचाळली.

आईंनी डबा उघडून आत बघितलं.

"किती घेतलेत?"

"मूठभर."

"आणि ते पाणी?"

"गुलाबांना घातलं, आई."

गुलाब अप्पांनीच लावले होते. आईंचे खांदे हलायला लागले. रडवलं आपण ह्यांना, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या हसत होत्या. मग रडल्याही, पण आधी हसल्या.

"हॉस्पिटलमध्येसुद्धा मला बजावत होते," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या इंजिनाला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस म्हणून. चला वरदराव. उशीर होतोय."

क्लीव्हडनला पोचलो तर ओहोटी. समुद्र पार लांब गेलेला आणि समोर नुसता चिखल. मग आम्ही गाडीतच बसून थर्मासचा चहा प्यायलो. बऱ्याच वेळाने पाणी चढलं, तेव्हा आईंनी स्वतःच्या हाताने अप्पांना सोडलं आणि रिकामा डबा विसळून पदराने पुसला. परत येताना बरं वाटत होतं.

दिवाळीला मंडळाच्या हॉलवर आम्ही त्याच गाडीतून गेलो. पार्किंगमध्ये अरुणामावशी, आईंची जुनी मैत्रीण, गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या.

"अगं आशा, धूर नाही, खडखड नाही! कुणी केली एवढी छान?"

मी नम्रपणे खाली बघितलं.

"ह्यांनीच केली," आई म्हणाल्या.

अरुणामावशी गोंधळल्या. अप्पांच्या अंत्यविधीला त्या स्वतः हजर होत्या. त्यांनी हळूच माझ्याकडे बोट दाखवलं. "मग वरदरावांनी काय केलं?"

"त्यांनी टॉर्च धरला होता," आई म्हणाल्या. "पण फार हलवतात."